कच्च्या वाटणाचं सांबारं

बारा वाजता ये, असं भाचीने फोनवर सांगितलं होतं आणि मी सव्वाअकरालाच घाटकोपरला त्या दुकानाच्या दारात हजर होते. माझ्या स्वभावाला औषध नाही. कुठल्याही लग्नाला मी मांडव सजायच्या आत पोचते आणि मग वेळेवर येणाऱ्यांवर चिडते. त्या दिवशी तर मुलुंडहून निघाल्यापासून रिक्षावाल्याला तीनदा ‘जरा जल्दी’ म्हणून झालं होतं. विक्रोळीच्या सिग्नलला त्याने आरशातून बघत विचारलं, "हॉस्पिटल जाना है क्या?" मी म्हटलं, "नहीं, बहन से मिलना है." त्याने आरसा सरळ केला.

बहीण सख्खी, माझ्या पाठची, बोरिवलीला राहते. नऊ वर्षं आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो. आई शेवटचं वर्ष तिच्याकडेच होती. आईच्या तेराव्याला, बहिणीच्याच घरी, माणसं पानावर बसायच्या आत तिने मला स्वयंपाकघरात सुनावलं, "आई आजारी असताना तू डबे पाठवून मोकळी झालीस." माझं डोकं फिरलं. मी बाहेर येऊन चार माणसांदेखत सांगितलं, की आजपासून या घरचं पाणीही मी पिणार नाही. आमच्या कोकणातल्या भावकीत ही शपथ स्वस्त नसते. बांधावरून भांडलेले चुलते एकमेकांच्या मयताला जातात, खांदा देतात, आणि तोंडाला पाणी न लावता परत येतात. मीही त्याच रक्ताची. दोन वर्षांपूर्वी तिच्या मुलाचं लग्न झालं तेव्हा मी घरून पाण्याची बाटली भरून नेली, अक्षता टाकल्या, आहेराचं पाकीट भाचीच्या हातात कोंबलं आणि हॉलमधून बाहेर पडून स्टेशनजवळ दोन केळी खाल्ली. ती स्टेजवरून माझ्याकडे बघत होती. मीही बघत होते. ती खाली उतरली नाही आणि मी वर गेले नाही.

खरं सांगायचं तर राग चौथ्या-पाचव्या वर्षीच ओसरला होता. उरला होता तो हट्ट. मला माझी बहीण परत हवी होती. गुडघे दुखतात हे नवऱ्याला सांगितलं तर तो पेपर खाली न ठेवता ‘तेल लाव’ म्हणतो. मुलगा पुण्याला. आणि आईची बोलण्याची ढब, वडिलांच्या कंपनीची ती विक्रोळीची खोली, एका चादरीत दोघींनी काढलेल्या थंडीच्या रात्री, हे सगळं ज्या एका माणसाला माहीत होतं त्याच माणसाशी मी बोलत नव्हते. रोज काहीतरी सांगायचं साचायचं आणि सांगायला कुणी नसायचं. पण पहिला फोन मी का करायचा? सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ते असं.

भाची मात्र वकिलाच्या डोक्याची. तिने फोन केला तो सरळ कलमावर बोट ठेवूनच. "मावशी, तुझी शपथ आमच्या घरच्या पाण्याची आहे ना? मग बाहेर भेटू. घाटकोपरला एक बाउलचं दुकान आहे. ज्याने त्याने आपापलं निवडायचं, आपापलं खायचं. कुणाचं घर नाही, कुणी वाढणार नाही."

"आणि ती?"

"आई येईल. म्हणजे, नाही म्हणाली नाहीये."

"स्वतःहून?"

"मावशी, तू ये ना यार."

म्हणजे पीळ तिकडेही होताच. मी मनाशी ठरवलं, आज काही झालं तरी बहिणीशी बोलल्याशिवाय उठायचं नाही. फक्त सुरुवात तिने करावी. थोरलेपणाला एवढा मान मिळायला काय हरकत आहे?

दुकान चिंचोळं होतं. एका बाजूला काचेमागे स्टीलची चौकोनी भांडी ओळीने मांडलेली, दुसऱ्या बाजूला भिंतीला फळी आणि तिच्यापुढे उंच स्टुलं, ज्यावर बसलं की माझे पाय शाळेतल्या पोरीसारखे लोंबकळतात. मागे स्वयंपाकघराचं दार, त्याला छोटीशी काच. मी एका स्टुलावर बसले. तिथून रस्ता दिसेना म्हणून दुसऱ्यावर बसले. तिथे पंख्याचा वारा डोक्यावर येत होता. कोपऱ्यात पाण्याचा जार होता, त्यातलं ग्लासभर प्यायले, परत उठून दाराशी गेले. माझी बहीण लांबूनही ओळखू येते, डावा पाय जरा ओढत चालते, लहानपणी जिन्यावरून पडली होती तेव्हापासून. रस्त्यावर शंभर बायका गेल्या, सगळ्यांचे पाय धड. मी परत येऊन आणखी एक ग्लास पाणी प्यायले.

काउंटरवर जाळीची टोपी घातलेली, माझ्याच वयाची बाई होती. ती बराच वेळ माझ्या येरझारा बघत होती. शेवटी म्हणाली, "मॅडम, बसताय की उभ्या राहताय, एक काय ते ठरवा. येणाऱ्याला वाटतं लाइन आहे."

आता काही न घेता बसणं बरं दिसेना. म्हटलं, खाणं होईल आणि वेळही जाईल. "काय आहे तुमच्याकडे?"

"बेस काय घालू?"

"बेस म्हणजे?"

"खाली काय? साधा भात, उकडा भात, नाहीतर क्विनोआ."

उकडा भात म्हटल्यावर मी जरा नरमले. घाटकोपरच्या काचेच्या दुकानात उकडा भात मिळेल असं वाटलं नव्हतं. मग करी. पनीर होतं, छोले होते, चिकन होतं, आणि शेवटच्या भांड्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, ब्लॅक पी करी. मी चष्मा वर करून बघितलं. काळे वाटाणे होते. आमचं काळ्या वाटाण्याचं सांबारं, कांदा-खोबऱ्याच्या वाटणातलं, इंग्रजी नाव लावून बसलं होतं. मला हसूही आलं आणि बरंही वाटलं. "हेच घाला," मी म्हटलं.

पुढे तर तोंडी परीक्षाच होती. टॉपिंग काय, सॉस कुठला, वर कुरकुरीत काय पाहिजे. मी कोशिंबीर डावीकडे घालायला सांगितली, लोणचं तिच्यावर, आणि भाताला काही लागू देऊ नका म्हटलं. गोल वाडग्यात डावं-उजवं राखायचं म्हणजे त्या बाईची कसरत झाली. "मॅडम, हे शेवटी कालवूनच खायचं असतं," ती म्हणाली. मी म्हटलं, कालवायचं की नाही ते माझं मी बघेन. मागे तीन जण येऊन उभे राहिले होते, कानात मोबाइलची बोंडं घातलेली ऑफिसची पोरं. त्यांनी एकमेकांकडे बघितलं. मी पैसे दिले आणि दारासमोरचं स्टूल धरलं.

पहिला घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. वाटण कच्चं. खोबरं नुसतं गरम केलेलं, कांदा जेमतेम मऊ पडलेला, भाजल्याचा वास म्हणून नाही. सांबाऱ्याचा रंग गव्हाच्या खिरीसारखा. ‘कांदो लाल होवक व्हयो,’ आई म्हणायची. तिच्या कढईसमोर पाट टाकून मी शिकले होते. खोबरं चॉकलेटी होईपर्यंत हात थांबवायचा नाही, डोळ्यांत पाणी आलं तरी नाही. आणि इथे पदार्थाला आमचं नाव द्यायचं नाही, तर निदान तो धड तरी करावा. दुसरा एखादा दिवस असता तर मी गुमान खाल्लं असतं. पण त्या दिवशी अंगात नुसती वळवळ होती, बारा वाजायला वीस मिनिटं होती, बहिणीचा पत्ता नव्हता, आणि ती सगळी वळवळ त्या वाटणावर निघाली.

मी वाडगा उचलला आणि रांगेच्या बाजूने काउंटरशी गेले. "हे सांबारं कुणी केलंय?"

"काय झालं मॅडम?"

"वाटण कच्चं आहे. कांदा भाजलेलाच नाही."

"रोज असंच असतं. लोक परत परत घेतात."

"लोकांना काय कळतंय? त्यांना कधी खरं खायला मिळालंय?" माझा आवाज चढला होता, मला तो ऐकू येत होता आणि मी थांबत नव्हते. "माझी एक बहीण आहे, ती अगदी अस्संच करते. करपेल करपेल म्हणून आधीच गॅस बंद. जन्मात तिला वाटण भाजायला जमलं नाही."

काउंटरवरच्या बाईने माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. स्वयंपाकघराचं दार उघडलं होतं. दारात माझी बहीण उभी होती, डोक्यावर तशीच जाळीची टोपी, कमरेला एप्रन, हातात उलथनं.

"अजूनही नाही जमलं," ती म्हणाली.

नऊ वर्षांनंतरचं तिचं पहिलं वाक्य ते. सुरुवात तिने करावी असं मला हवं होतं, ते झालं. वाडगा हातात धरून मी खांबासारखी उभी राहिले. तिचे केस पूर्ण पांढरे झाले होते. मला ते लग्नात दिसलेच नव्हते, तेव्हा रंगवले असतील. ऑफिसच्या पोरांनी कानातली बोंडं काढली होती. शेवटी बहीणच पुढे आली, माझ्या दंडाला धरून मला स्टुलापाशी नेलं आणि स्वतः शेजारच्या स्टुलावर बसली.

"हे दुकान तुमचं?" मी विचारलं.

"पोरीचं. आणि तिच्या मैत्रिणीचं. आठ महिने झाले. मी सकाळी येऊन वाटणं करून देते. ती कोथिंबीर आणायला गेलीय, तू बाराला येणार म्हणून."

"मला सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

मी वाडगा फळीवर ठेवला. ती पुढे म्हणाली, "पाणी दोन ग्लास प्यायलीस. मी काचेतून बघत होते. म्हटलं आता शपथेचं काय."

"दुकानाचं पाणी आहे. घरचं नाही."

"हो, तेच." ती हसली नाही. "अर्धा तास मी आत उभी होते, ताई. तू आल्यापासून. दाराला हात लावायचे आणि परत फिरायचे. बाहेर काय बोलायचं ते ठरत नव्हतं. मग तूच ओरडायला लागलीस, बरं झालं."

मी म्हटलं, "मी ते तुला नव्हते बोलत."

"मलाच बोलत होतीस. तेराव्यालाही हेच बोलली होतीस."

"तेराव्याला? तेराव्याला तू मला बोललीस. डबे पाठवून मोकळी झालीस म्हणून."

"त्याच्या आधी काय झालं ते आठवत नाही तुला?"

मला खरोखरच आठवत नव्हतं. नऊ वर्षं मी ते एकच वाक्य चघळत बसले होते, त्याच्या अलीकडचं सगळं पुसून गेलं होतं. तिने एप्रनला हात पुसले, पुसलेलेच परत पुसले.

"आईच्या पानासाठी मी पहाटे चारला उठून सांबारं केलं होतं," ती म्हणाली. "तू आठ वाजता आलीस. झाकण उचललंस, ‘वाटण कच्चं’ म्हणालीस, आणि टोप ओट्याखाली सरकवलास."

मग आठवलं. म्हणजे विसरले नव्हतेच, फक्त त्यात काही वावगं केलं असं कधी वाटलं नव्हतं. तेराव्याला गेलेल्या माणसाचं पान मांडतात, त्याच्या आवडीचं सगळं त्यावर वाढतात, आमच्याकडे त्यात वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं हवंच. पानाला दाखवायच्या आधी काही चाखायचं नसतं, म्हणून मी चाखलं नव्हतं. पण रंग बघूनच कळलं होतं. फिकं. मी पदर खोचला, नवं वाटण भाजलं, उरलेले शिजलेले वाटाणे घेतले आणि तासाभरात लालभडक सांबारं उतरवलं. जेवणाऱ्यांनी बोटं चाटली. आईची लाज राखली, असं मला वाटलं होतं, इतकी वर्षं वाटत होतं.

"आईच्या पानावर फिकं कसं जाऊ द्यायचं होतं?" मी म्हटलं. आवाजात जोर राहिला नव्हता.

"आई फिकंच खायची."

"काय?"

"शेवटचं वर्षभर. भाजलेलं वाटण पोटात गेलं की तिच्या छातीत आग पडायची, रात्रभर उशी मागे घेऊन बसून राहायची. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. मग मी हळूहळू भाजणं कमी करत आणलं. एवढं कच्चं ठेवलं तेव्हा तिला सोसलं. हे ती दोनदा मागून घ्यायची, ताई. बाकी कशाला हात लावायची नाही."

मला समोरचा रस्ता दिसत होता पण कळत नव्हता. त्या वर्षी माझी नोकरी, वर सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, बोरिवलीला जाऊन राहणं मला शक्य नव्हतं. यजमानांचं ऑफिस तेव्हा बोरिवलीला होतं. आठवड्यातून तीनदा मी पाचला उठायचे, आईला आवडतं म्हणून वाटण चांगलं खरपूस भाजायचे, आणि त्यांच्या हातात डबा द्यायचे. संध्याकाळी तो डबा घासूनपुसून, रिकामा परत यायचा. तो रिकामा बघितला की माझा जीव जरा शांत व्हायचा.

"माझे डबे?" मी विचारलं.

"ते मी खायचे."

"सगळे?"

"सगळे. आई म्हणायची, ‘तिका सांगू नको. सकाळी उठान करता ती.’ म्हणून नाही सांगितलं. छान असायचं सांबारं. मी आईसमोर बसून खायचे, ती वासावर समाधान मानायची." ती थांबली. "मी त्या दिवशी तुला जे बोलले ते वाईट बोलले. तू मोकळी झाली नव्हतीस, मला माहीत होतं. पण तू तो टोप पायाने सरकवलास ना, तेव्हा मला वाटलं, हिला आई माहीतच नाही. सगळे गेल्यावर संध्याकाळी मी ते मोरीत ओतलं. एकटीने."

पायाने सरकवला होता का मी? सरकवला असेन. हातात झारा असणार. मला रडू आलं नाही. मला उठून चालायला लागावंसं वाटलं, रस्त्याने सरळ, घाटकोपर संपेपर्यंत. पाय स्टुलाच्या दांडीवर नुसते हलत होते. एवढ्यात भाची कोथिंबिरीच्या दोन पिशव्या घेऊन दारात आली, आमच्याकडे बघितलं, आणि काउंटरमागे जाऊन उगाचच चमचे लावायला लागली.

"मी चुकले," मी म्हटलं. हा शब्द मी लग्नानंतर किती वेळा वापरला ते माझ्या नवऱ्याला विचारावं. "ऐकलंस का? चुकले मी. तिच्या पानावर तिला नको ते वाढलं."

"ऐकलं." तिने मान खाली घातली होती. "नऊ वर्षं घेतलीस गो."

"तू तरी कुठे फोन केलास?"

"तेही खरं."

मी वाडगा पुढे ओढला आणि खायला लागले. सांबारं गार झालं होतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, लहानपणी पहिली भाकरी थापली तेव्हा बघत होती तशी. अर्धं झाल्यावर तिने विचारलं, "मीठ?"

"बरोबर आहे."

"खोटं बोलू नकोस."

"कणभर कमी आहे."

तिने मान डोलावली. "मला आता उठायला हवं. एक वाजता गर्दी होते, दुसरं वाटण करायचंय." ती उठली आणि तशीच उभी राहिली, माझ्या उत्तराची वाट बघत, की मी जाते म्हणते की बसते म्हणते.

"चल, मी येते," मी म्हटलं. "आईला कसं करून द्यायचीस ते दाखव."

भाचीने मला जाळीची टोपी दिली, ती घालताना माझा अंबाडा सुटला, तो मी आत जाताजाताच बांधला. स्वयंपाकघर दोन माणसांपुरतंच होतं. बहिणीने कढईत कांदा घातला आणि उलथनं माझ्या हातात दिलं. मी परतायला लागले. हाताला सवय, तो आपोआप गॅसच्या बटणाकडे, ज्योत मोठी करायला जात होता, दोनदा मी त्याला मागे घेतलं. मनात आलं, आता कुठे वास सुटेल, आता कुठे रंग धरेल.

"आता," ती म्हणाली.

"आत्ताच?"

"आत्ताच. आईला एवढाच चालायचा."

कांदा अजून पांढराच होता. मी गॅस बंद केला.